मोगरा, मोह आणि मे महिना

नंदुरबारला एप्रिल सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. पारा चाळिशी ओलांडतो आणि माणसं दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडून राहतात. नेमक्या याच दिवसांत झाडं फुलायला घेतात. रस्त्याकडेला गुलमोहर, कॉलन्यांच्या कुंपणांवर बोगनवेल, अंगणात मोगरा, तळोदा-अक्कलकुव्याच्या वाटेवर बहावा. आणि त्याआधी, मार्चपासूनच, सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे मोह. एवढ्या उन्हात एवढी फुलं पाहून माणसाने खूश व्हावं, की एवढ्या टंचाईत फुलझाडांना पाणी घालताना संकोचावं? या प्रश्नावर इथे दोन ठाम बाजू आहेत. त्या समोरासमोर बसवण्यासाठी हा संवाद रचला आहे. बोलणारी माणसं प्रातिनिधिक आहेत. एक, शहरातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी. धडगाव तालुक्यातल्या पावरा कुटुंबातला, आश्रमशाळा आणि वसतिगृह करत शिकलेला, आता महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. बाई त्याला थट्टेने ‘सर’ म्हणतात आणि त्याच दमात अरेतुरेही करतात. वेळ संध्याकाळची, जागा बाईंचा ओटा.

बाई : या सर, बसा. खुर्ची नको घेऊस, तापलेली आहे. ओट्यावर बस, आत्ताच पाणी मारलंय.

सर : ओट्यावरही पाणी? बाई, विरचक धरणातून येतं ते.

बाई : आल्या आल्या सुरुवात! कपडे खंगाळलेलं पाणी आहे. गटारीत जायचं ते ओट्यावर गेलं. आता बोल.

सर : ओट्याला माफी. पण त्या पंधरा-वीस कुंड्या? मोगरा, जास्वंद, सदाफुली, मधुमालतीचा मांडव. आमच्या पाड्यावर मे महिन्यात बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणतात. पाणी झिरपायची वाट बघत बसतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. तिथून आलेल्या माणसाला झारी दिसली की आधी तो हंडा आठवतो. मला फुलांचा राग नाही. पण मे महिन्यात हौसेसाठी पाणी, हे मला अजून गळी उतरत नाही.

बाई : तुझ्या आईचा हंडा माझ्या झारीमुळे रिकामा राहत असेल, तर मी आजच मोगरा उपटते. पण तसं आहे का? महाराष्ट्रातली नर्मदेकाठची तेहेतीस गावं सरदार सरोवराने बाधित झाली. खाली दरीत पाणी तुंबलेलं आणि वरच्या पाड्यावर झिरे. हा हिशेब मोठा आहे. तो माझ्या झारीशी येऊन थांबला, तर ज्यांनी तो द्यायला हवा ते सुटतात.

सर : मोठा हिशेब आहे म्हणून छोटा मांडायचाच नाही का?

बाई : मांड की. समोरच्या बंगल्यातला कूलर बघ. रात्रभर चालतो, सकाळी टाकी रिकामी. माझ्या सगळ्या कुंड्यांना मिळून तेवढं पाणी लागत नाही. गाडी धुणाऱ्याला कुणी विचारत नाही. फूल दिसलं की मात्र सगळ्यांना काटकसर सुचते.

सर : तो दुसऱ्याचा दोष झाला. तुमचा हिशेब सांगा.

बाई : सांगते. मोगऱ्याला हिवाळ्यात मी पाणी तोडते. जानेवारीत छाटणी करते, पानं झडू देते, मुळाशी थोडी माती उकरून ऊन लागू देते. चांगला ताण बसला की मग शेणखत आणि पाणी. फुटवा येतो आणि त्या फुटव्याच्या शेंड्याला कळ्या. ज्यांनी थंडीतही रोज तांब्याभर पाणी घातलं, त्यांच्याकडे नुसती पानं वाढतात आणि मग ते मला विचारायला येतात, ‘बाई, खत कोणतं टाकू?’ अरे, खत नाही, आधी उपाशी ठेव!

सर : ताण तर संत्र्या-मोसंबीच्या बागेत देतात, बहार धरायला.

बाई : मग? तेच इथे. बोगनवेलीचंही तसंच. पाणी जास्त झालं की ती नुसती हिरवी होते. कोरडी ठेवली की कुंपण रंगतं. आणि उन्हाळ्यात घालायचं तेही सकाळी ऊन चढायच्या आत, नाहीतर दिवेलागणीला. मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन. त्या जास्वंदीच्या आळ्यात बारीक भोक पाडलेलं मडकं पुरलंय, आठवड्यातून दोनदा भरते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र कुंड्यांना रोज नाही. क्षार साचतात आणि पानांच्या कडा करपतात. ते मागच्या निंबाला.

सर : हे मान्य. मला वाटलं होतं तुम्ही नळी सोडून देता. पण बाई, बोगनवेलीचा विषय काढलात म्हणून सांगतो, ज्याला तुम्ही फूल म्हणता ते फूलच नाही. ती रंगीत पानं आहेत. खरं फूल आत, पांढरं, मुगाच्या दाण्याहून थोडं मोठं.

बाई : माहीत आहे. मी सहावीला शिकवायची तेव्हा तूच हात वर करून विचारलं होतंस, की फूल खोटं असेल तर माशी का फसते.

सर : आणि तुम्ही म्हणाला होतात, माशीला विचार. असो. माझा दुसरा आक्षेप मोठा आहे. तुमच्या बागेतलं इथलं काय? बोगनवेल ब्राझीलकडची. सदाफुली मादागास्करची. गुलबक्षी अमेरिकेची. पांढरा चाफा मेक्सिकोकडचा. मे महिन्यात एकदाच लाल चेंडू काढणारं ते मे फ्लॉवर आफ्रिकेचं. बाहेर रस्त्यावर गुलमोहर, तोही मादागास्करचा. सातपुडा पायथ्याशी असताना आपण उन्हाळा साजरा करतो तो परक्या फुलांवर. पळस, पांगारा, सावर, बहावा, शिरीष, मोह, ही नावं मुलांना पुस्तकातून कळतात.

बाई : झालं? आता मी एक नाव घेते. मिरची.

सर : मिरची कुठे आली यात?

बाई : पथारीवर आली! हिवाळाभर शहराच्या कडेला मिरची वाळवायच्या लाल पथाऱ्या पसरतात, त्या बघून लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. नंदुरबारची मिरची म्हणून आपण छाती फुगवतो. ती कुठली? अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. चारशे-पाचशे वर्षांत ती आपली झाली. खानदेशातल्या बाईला सांग बरं, मिरची परकी आहे, शेवभाजीत घालू नकोस! गुलबक्षीही तशीच इथे रुळली, तर तिच्याकडे तू पासपोर्ट मागतोस.

सर : मिरचीवर माणसं जगतात, बाई. पथारीवर देठ खुडायला बसणाऱ्या बाया आमच्याकडच्याच असतात. मिरची पोटाला देते. गुलबक्षी काय देते?

बाई : म्हणजे मुद्दा परकेपणाचा नव्हताच. मुद्दा पोटाचा होता. तसं सरळ बोल.

सर : बोलतो. आमच्याकडे उन्हाळ्यातलं फूल म्हणजे मोह. होळीच्या सुमाराला झाड पानं टाकतं आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुपके लागतात. रात्री फूल उमलतं आणि पहाटे गळतं. मांसल, फिकट पिवळसर, रसाने भरलेलं. ते पाखरांनी, गुरांनी, अस्वलाने खाण्याआधी वेचायचं, म्हणून अख्खं घर अंधारात उठून झाडाखाली जातं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली घेऊन जात नाही. घरी आणून उन्हात पसरायचं. वाळलं की तांबूस होऊन बेदाण्यासारखं आक्रसतं. काही घरात राहतं, भाकरीबरोबर, उकडून, भाजून खायला. काही दारूला. उरलेलं बाजारात, त्याच्या पैशात पावसाळ्याआधीचं तेलमीठ. पुढे झाडाला फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल काढतात. एवढं देणारं फूल आम्ही पाहिलंय. म्हणून कुंडीतल्या फुलाचं कौतुक करताना जीभ अडखळते.

बाई : आणि त्याच फुलावर सरकारने किती वर्षं बंधनं घातली होती?

सर : कितीतरी. दारूबंदी कायदा १९४९चा. तेव्हापासून मोहफूल म्हणजे दारूचा कच्चा माल. वेचलं ते अमुकपेक्षा जास्त बाळगलं तर गुन्हा, वाहून नेलं तर अडवणूक. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला, तरी मोहफुलाची पोती नेणारा माणूस रस्त्यात बिचकायचाच. २०२१ साली राज्य सरकारने संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. तोवर आमच्या आजीच्या कणगीतलं फूल कायद्याच्या डोळ्यांत संशयित होतं.

बाई : हेच मला म्हणायचं आहे. ज्याने तो कायदा केला, त्याने फुलाकडे निव्वळ उपयोगाच्या नजरेने पाहिलं. त्याला मोहात दारू दिसली, दुसरं काही नाही. उपयोगाची नजर नेहमी तुझ्याच बाजूने बोलेल असं नाही.

सर : हा डाव चांगला टाकलात.

बाई : डाव नाही, विचारते. पहाटे चारला उठून तू वेचायला जायचास ना लहानपणी? वास आला नाही कधी? फक्त किलो मोजलेस?

सर : वास येतोच. अख्ख्या डोंगराला येतो. पण वास आवडतो म्हणून कुणी चारला उठत नाही.

बाई : मी तरी मोगऱ्याच्या वासासाठी जानेवारीत बोटं खरवडून घेते असं कुठे म्हटलं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात. या मागच्या निंबाला झोका बांधला जायचा. गौराई बसायची. घराघरांत पुरणपोळी आणि आमरस. त्या चार दिवसांत प्रत्येकीच्या केसांत घरचा गजरा असावा, एवढ्यासाठी माझ्या सासूबाईंनी हा मोगरा लावला होता. लेकीसुनांचा हा लाड. पोट भरल्यावर माणसाला लाडही लागतो. तुमच्या काठी गावच्या राजवाडी होळीला पोरं अंगभर नक्षी काढून, मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात. त्याने कुणाचं पोट भरतं?

सर : होळी वेगळी.

बाई : का? ती तुझी म्हणून?

सर : ठीक. सजण्याची हौस आमच्याकडेही आहे, आणि ती कुणाला स्पष्टीकरण देत नाही. एवढं मान्य.

बाई : मग आता मीही एक विचारते. मोहाखालचा पाचोळा पेटवून देतात, फुलं नीट दिसावीत म्हणून. ती आग पुढे सरकते आणि डोंगर जळतो. खरं ना?

सर : खरं. दरवर्षीच्या वणव्यांमागचं ते एक कारण आहे. पाचोळ्यात फूल सापडत नाही, कोवळं गवत येईल अशीही आशा असते. पण त्या आगीत मोहाचंच नवं रोप मरतं. म्हणून जुनी झाडं उभी दिसतात, त्यांच्याखाली तरणं झाड दिसत नाही. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीवर पडतं, मातीही लागत नाही, भावही बरा येतो. जाळण्याची गरज उरत नाही.

बाई : म्हणजे पोटाच्या फुलाचाही हिशेब मांडावा लागतोच.

सर : लागतो. पण मला सांगा, ही झाडं उन्हाळ्यातच का फुलतात याचा कधी विचार केलात?

बाई : आता वर्ग सुरू झाला. घ्या तास.

सर : आपलं जंगल पानगळीचं. पाणी संपत आलं की झाड पानं टाकतं, कारण पानांतून पाणी उडून जातं. पानं नसली की फुलं लांबून दिसतात. पळसाच्या झाडावर पान नसतं म्हणून मैना, बुलबुल, शिंजीर तिथे गर्दी करतात. मोहाचं फूल रात्रीचं, तिथे वटवाघळं येतात, त्यांना मोकळ्या फांद्यांत शिरायला सोपं पडतं. आणि मुख्य गोष्ट पावसाची. आत्ता फूल आलं तर जूनपर्यंत बी तयार. मोहाची फळं पावसाच्या तोंडावर पिकतात, बी ओल्या मातीत पडतं आणि लगेच रुजतं. मोहाचं बी फार दिवस ठेवलं की रुजायची ताकद घालवून बसतं, त्यामुळे त्याला ही वेळ चुकवून चालत नाही. सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो तोही पावसाआधी. उन्हाळ्यातली फुलं ही पावसाळ्याची तयारी आहे. माणूस जशी मेमध्ये नांगरट करून ठेवतो.

बाई : आणि बहावा? त्याच्या शेंगा तर वर्षभर लोंबत असतात. काठीने वाजवत बसायचो आम्ही.

सर : बहाव्याचं तंत्र निराळं. शेंग पिकून काळी व्हायला जवळजवळ वर्ष घेतो. तो घाईत नसतो.

बाई : पण पाऊस सांगतो! बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. आमच्याकडे सगळे असंच धरतात.

सर : बाई, बायपासला दोन बहावे आहेत, शेजारी-शेजारी. एक फुलून आठ-पंधरा दिवसांनी दुसरा फुलतो. पाऊस कोणत्या झाडाचं ऐकणार?

बाई : जे झाड आधी बोललं त्याचं.

सर : आणि एखाद्या वर्षी बहावा ऑगस्टमध्ये पुन्हा थोडा फुलतो, तेव्हा?

बाई : ते पुरवणी परीक्षेसाठी. अरे, मला कळतं की झाड हवामान खात्याचा नोकर नाही. पण बहावा फुलल्यावर माणसं वर बघतात, दिवस मोजतात, बियाण्याची चौकशी सुरू करतात. त्या निमित्ताने झाडाकडे लक्ष जातं. तेवढं खोटं चालेल.

सर : मला चालणार नाही. पेरणीचा अंदाज चुकला की दुबार पेरणीचं बियाणं विकत घ्यावं लागतं. झाड आवडावं, त्याच्यावर विसंबू नये.

बाई : बरं, हे तुझं. लिहून घेतलं.

सर : आता गल्लीकडे या. तुमच्या हिशेबाने गुलमोहरही आपला झाला. झाला असेल. त्याची सावली मोठी, साताऱ्याला तर १९९९पासून १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा करतात, चित्रकार आणि कवी झाडाखाली जमतात. पण त्याची मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. मेअखेरीस वळीव सुटला की आधी गुलमोहराची फांदी पडते. कुणाच्या गाडीवर, कुणाच्या तारेवर. मग पालिकेकडे अर्ज, मग करवत. आणि लोक म्हणतात, झाडंच नकोत.

बाई : पडतात, कारण बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात. मुळांना श्वास नको का घ्यायला? पेव्हर ब्लॉक बसवले, वर केबलसाठी एका बाजूची मुळं तोडली. मग वारा आला की दोष झाडाचा.

सर : दोन्ही खरं. म्हणून म्हणतो, आहेत ते गुलमोहर सांभाळा, पण नवी लावताना बहावा लावा, कांचन लावा, शिरीष लावा. ताम्हण आपलं राज्यफूल. जांभळं झुंबर लागतं मेमध्ये. पण त्याला ओल आवडते; आपल्या कोरड्या मातीत पहिली काही वर्षं जास्त जपावं लागेल. शिरीष मात्र इथल्यासाठीच आहे. उन्हाला दाद देत नाही, मुळांतून जमिनीला नत्र देतो आणि एप्रिल-मेमध्ये हिरवट-पिवळ्या तंतूंचं फूल. इतका मऊ वास की वाऱ्याची झुळूक आली तरच कळतो.

बाई : या गावात शिरीष म्हटलं की सगळ्यांना १९४२च्या चले जाव चळवळीत ९ सप्टेंबरला गोळ्या झेललेला शिरीषकुमार आठवतो, आणि आठवलाच पाहिजे. पण त्याच्या गावात शिरीषाचं झाड दाखव म्हटलं तर किती जण दाखवतील? कालिदासाने शाकुंतलाच्या सुरुवातीला नटीच्या गाण्यात ग्रीष्माचं वर्णन केलंय, त्यात बायका कानांत शिरीषाची फुलं घालतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी उन्हाळ्याचा दागिना हाच होता.

सर : बघा, कालिदास माझ्या बाजूचा निघाला. देशी झाड.

बाई : आणि फूल कानात घालायला, म्हणजे माझ्या बाजूचा. पोटासाठी नाही वेचलं कुणी.

सर : बरोबरी धरू. पण बागेबद्दल माझा एक आक्षेप उरलाच. मेमध्ये शेतं रिकामी. कापूस गेला, तूर गेली. मधमाश्यांना, शिंजिराला खायला काय? तुमचा हा दुहेरी मोगरा दिसायला भरगच्च, पण त्याला बी धरत नाही आणि माशीला त्यात फारसं काही मिळत नाही. पांढरा चाफा तर फसवतोच. वास सोडतो, पतंग रात्री मध शोधत येतात, मध नसतोच.

बाई : मग मधुमालती बघ. संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा माशा आणि पाखरं. जास्वंदीवर शिंजिराची जोडी रोज सकाळी असते. एकेरी जास्वंद मुद्दाम ठेवलीय मी, भरगच्च पाकळ्यांची नाही. मागे शेवगा, लिंबू, निंब. परळात पाखरांना पाणी. आणि तुझ्या त्या परक्या सदाफुलीच्या रसायनांतून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध काढतात. उपयोग हवा होता ना तुला?

सर : तुम्ही ती औषधासाठी लावली नाहीत.

बाई : नाही लावली. एप्रिलमध्ये सगळं करपतं तेव्हा तीच एक हसत उभी असते, म्हणून लावली. हेच कारण पुरेसं आहे, असं माझं म्हणणं. फुलाला प्रत्येक वेळी नोकरी लावायची गरज नाही.

सर : आणि माझं म्हणणं, फूल बघणाऱ्याने निदान ते कशाच्या जिवावर उभं आहे ते विचारावं. पाणी कुणाचं, जागा कुणाची, त्याच्यावर आणखी कोण जगतं. विचारून मग खुशाल बघावं. तुम्ही विचारता. म्हणून तुमच्याशी भांडता येतं. पण सगळी गल्ली विचारत नाही.

बाई : गल्लीचं बोलतोस तर ऐक. पहाटे साडेपाचला आकडा बांधलेली काठी घेऊन माणसं फिरतात. कुंपणाबाहेर आलेली जास्वंद तर नेतातच, आतलीही ओढतात. कळी सोडत नाहीत. देवाला वाहायची आहेत म्हणे! देवाच्या नावावर खपतं म्हणून मी काही बोलत नाही, पण एकदा अख्खी फांदी मोडून नेली तेव्हा तोंडातून निघालंच, ‘भो, तुले काय करनं शे इतला फुलंस्नं?’

सर : काय म्हणाला?

बाई : म्हणाला, फुलं काय, सगळ्यांचीच असतात.

सर : पाड्यावर असं कुणी म्हणणार नाही. मोहाचं झाड एका घराचं मानतात, पण सावली सगळ्यांची, आणि झाड राखायची जबाबदारी त्या घराची. हक्क आणि राखण एकत्र येतात. इथे हक्क सगळ्यांचा आणि राखण एकट्या तुमची.

बाई : हे मात्र लाख बोललास. म्हणूनच ती कॉलनीची ओपन स्पेस बघ. नकाशावर बगीचा, प्रत्यक्षात काँग्रेस गवत आणि विटांचे तुकडे. ती जागा सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. तिथे लावू या का काही?

सर : लावायचं तर आत्ता खड्डे खणायला हवेत. मेच्या उन्हात खड्डे तापू द्यायचे, किडीची अंडी मरतात. दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल. पहिला दमदार पाऊस झाला की पोयटा, शेणखत घालून रोपं. दोन बहावे, एक शिरीष, एक कांचन. आणि कोपऱ्यात एक मोह.

बाई : मोह किती वर्षांनी फुलतो?

सर : बियांपासून लावला तर आठ-दहा वर्षं तरी धरा.

बाई : चालेल. आमच्या सासूबाईंनी लावलेला निंब मी वापरतेच आहे. पण मोहाच्या सावलीत मोगरा येणार नाही, त्याला दिवसभर ऊन लागतं. म्हणून पायवाटेच्या दक्षिणेला मोगऱ्याची रांग, मी दाब कलमाची रोपं देते. ओळीत एकेरी मोगरा ठेवू, तुझ्या माशीसाठी. आणि कुंपणाला बोगनवेल.

सर : बोगनवेल?

बाई : काटे असतात. गुरं आत येत नाहीत. उपयोग सांगितला की तुला पटतं ना?

सर : पटलं. पण खरा प्रश्न पुढचा आहे. पावसाळ्यात रोपं आपोआप वाढतात, फोटो निघतात. मरतात ती पुढच्या मार्चमध्ये. पहिले तीन उन्हाळे पाणी घातलं तरच झाड आपल्या मुळांवर उभं राहतं. ते पाणी कोण घालणार आणि कुठलं?

बाई : कुठलं ते आधी सांगते. प्रत्येक घरातून रोज एक बादली, कपडे खंगाळलेली किंवा भाजी धुतलेली, साबणाचा फेस नसलेली. नळाचं ताजं पाणी कुणी घातलं तर त्याला मी सांगणार, की धडगावचे सर भेटायला येतील. कोण घालणार, त्याचा नियम सोपा. फाटकावर पाटी लावू: ज्याने उन्हाळ्यात पाणी घातलं, त्याने फुलं न्यावीत. आकड्याच्या काठीवाल्यांनीसुद्धा. रोज एक बादली, मग ओंजळभर फुलं.

सर : आणि नुसतं बघायला येणाऱ्यांनी?

बाई : बघायला काही लागत नाही. पण विचारायला लागेल. पाणी कुणाचं, झाड कुठलं, त्यावर कोण जगतं. हे तीन प्रश्न पाटीवर खाली लिहू. तुझे आहेत, तूच लिही.

सर : म्हणजे परीक्षा माझी आणि मार्क तुमचे.

बाई : नेहमीचंच. कुदळ मागच्या अंगणात आहे. ऊन उतरलंय, एक खड्डा आजच होईल. मोहाचा आधी घे, त्याला वेळ लागणार आहे.